सत्तावीस नंबर आत आहे

१

उमरेड रोडवरच्या त्या कारखान्यात माझं काम बायकांची झडती घ्यायचं होतं. कोळशाच्या खाणींना लागणारी सुरुंगाची काडतुसं तिथे तयार व्हायची. एकेचाळीस बायका काडतुसांवर मेणकागद गुंडाळायच्या. आत जाण्याआधी त्यांच्या अंगावर धातूचा कण राहू नये आणि काडेपेटी राहू नये, हे मी पाहायचं.

सकाळी सात वाजता त्या माझ्या खोलीत यायच्या. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, डोक्यातले आकडे, सगळं काढून आपापल्या कापडी पिशवीत टाकायच्या. लुगड्यावर नाड्यांचा पांढरा झगा चढवायच्या. मग मी मानेपासून घोट्यापर्यंत हात फिरवायची आणि शेवटी खुंटीवरचा बिल्ला काढून त्यांच्या डाव्या मनगटावर बांधायची. ठिणगी न उडणाऱ्या तांब्याचा रुपयाएवढा बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर, दोन्ही बाजूंना सुती पट्टी. नव्या बायका मंगळसूत्र काढताना रडायच्या. चार दिवसांनी त्यांना त्याचं काही वाटेनासं व्हायचं.

आधी असं नव्हतं. पण आदल्या वर्षी एकीनं स्वतः आजारी म्हणून नणंदेला पाठवलं, दारावरच्या लहानूनं ओळखीपाळखीनं आत सोडलं, आणि त्या न शिकलेल्या पोरीच्या हातून तिघी भाजल्या. तेव्हापासून आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी, अनंत दाणी साहेबांनी, नियम बदलला. लाकडी दाराला छातीच्या उंचीवर वीतभर झरोका पाडला. बाईनं बाहेरून फक्त डावा हात आत घालायचा. आत स्टुलावर बसलेल्या लहानूनं बिल्ल्याचा नंबर पाहायचा, वहीत लिहायचा, अडसर काढायचा. ती आत येईतो त्यानं वहीतून डोकं वर काढायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती.

"चेहरा गयावया करतो, लतिकाबाई," दाणी साहेब मला म्हणाले होते. "नातं सांगतो. बिल्ला तसलं काही करत नाही."

मला ते पटलं होतं. माझे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, महाल भागातलं घर माझ्या पगारावर चाललेलं. नियम पटवून घ्यायची मला सवय होती.

सत्तावीस नंबर म्हणजे बेसा गावची जिजाबाई भोयर. पस्तिशीची, दणदणीत आवाजाची. शेतातून तासभर चालत यायची आणि तरी पहिली पोचायची. तिला गुदगुल्या फार. कमरेला हात लागला की रोज न चुकता खिदळायची.

"पुरे करा ना बाई! मी का बाहेरून दारू आनून राहिली? अंदरच तं एवढी भरली आहे!"

दोन वर्षांत माझ्या हातांना त्या एकेचाळीस जणी डोळे मिटूनही ओळखता येऊ लागल्या होत्या.

२

त्र्याहत्तरचा जानेवारी होता. त्या दिवसांत सकाळी खुंटीवरचे बिल्ले बोटांना चावायचे, इतके गार. एका सकाळी मी सत्तावीस नंबर हातात घेतला, तर तो कोमट होता.

कोमट म्हणजे नुकताच कुणाच्या तरी अंगावरून काढावा तसा. पट्टीही किंचित दमट. मी तो जिजाबाईच्या हाताला बांधला. ती म्हणाली, "आज गरम करून ठेवला का बाई माह्यासाठी?" आणि हसली.

दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, खिडकीतून त्या खुंटीवर ऊन येत असेल. पण खिडकी पश्चिमेला होती. भिंतीपलीकडे चहाची शेगडी असेल म्हणावं, तर पलीकडे मोकळं मैदान. मी बिल्ला दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर लावला, तिथेही तो कोमट. एका शनिवारी मी तो पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. सोमवारी कपाटाचं दार बर्फासारखं होतं आणि आत बिल्ला कोमट.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते? तांबं लवकर तापतं, एवढंच मी स्वतःला सांगितलं. थंड खोलीत ते कशानं तापतं, हे विचारलं नाही.

३

त्या आठवड्यात जिजाबाईनं रजा मागितली. उमरेडला दिलेली तिची मुलगी गोपिका पहिलटकरीण होती.

"मंगळवारची ड्युटी करतो अन् तशीच एस्टीनं जातो," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत नाही येत. नातू झाला तं पेढे, नात झाली तं बर्फी."

मंगळवारी संध्याकाळी तिनं बिल्ला माझ्या हातात दिला, पिशवीतलं मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि गेली. बिल्ला मी खुंटीला लावला. हे मला नक्की आठवतं.

बुधवारी मी चाळीस जणींची झडती घेतली, चाळीस बिल्ले बांधले. दुपारी वह्या ताडून पाहताना लहानूच्या वहीत एकेचाळीस नंबर दिसले. सर्वांत शेवटी, सात वाजून पंचवीस मिनिटांनी, सत्तावीस.

मी झरोक्यापाशी गेले. "लहानू, सत्तावीस आज रजेवर आहे. हे कसं लिहिलंस?"

"आली ना बाई," तो सरळपणे म्हणाला. "हात घातला, बिल्ला पाह्यला, अडसर काढला."

"जिजाबाई आली? तू पाहिलीस?"

तो जरा गोंधळला. "मी तं हातच पाह्यतो. मान वर करायची नाही म्हणून सायबाचा हुकूम आहे."

मी धावत माझ्या खोलीत आले. सत्तावीसची खुंटी रिकामी होती. सकाळी ती रिकामी होती का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. जी रजेवर आहे तिच्या खुंटीकडे मी पाहिलंच नव्हतं.

दाणी साहेबांकडे गेले तर त्यांनी आतल्या दालनातल्या कामाचा कागद समोर टाकला. सत्तावीस नंबरच्या पाटावर दुपारपर्यंत तीनशे काडतुसं गुंडाळून झाली होती. "रजा रद्द करून आली असेल," ते म्हणाले. "बिल्ला आत, काम झालेलं. तुमची तक्रार काय आहे?"

संध्याकाळी चाळीसच जणी माझ्यासमोरून बाहेर गेल्या. चाळीस बिल्ले परत आले. बिल्ला हरवला की झडतीवालीची नोकरी जाते. मी वहीत एकेचाळीस जमा लिहिले.

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, दार खरं तर तिथेच उघडलं.

४

गुरुवारी चाळीसावी बाई आत गेल्यावर मी माझ्या खोलीचं बाहेरचं दार आतून लावून घेतलं. खोलीपासून लहानूच्या दारापर्यंत तीस पावलांची बोळ होती, दोन्हीकडे उंच भिंती, वर पत्रा. बोळ रिकामी होती. मी ती ओलांडली, लहानूच्या बाजूला गेले, दार लावायला लावलं आणि त्याच्या स्टुलामागे उभी राहिले.

"बाई, काहून उभ्या राहिल्या?"

"असंच. तू तुझं काम कर."

आत पाटांवर बायकांचं काम सुरू झालं होतं. मेणकागदाची कुरकुर ऐकू येत होती. पलीकडे बोळीत मात्र काही नव्हतं. पावलं नाहीत, कपड्याची सळसळ नाही.

सात पंचवीसला झरोक्यातून हात आत आला.

डावा हात, पालथा, बोटं सैल. मनगटावर सुती पट्टी, बिल्ल्यावर सत्तावीस. अंगठ्याच्या मुळाशी तव्याच्या चटक्याचा डाग, जिजाबाईला होता तसाच. लहानूनं वहीत लिहायला सुरुवात केली. मी पुढे होऊन ते मनगट धरलं.

मनगट गार होतं. रात्रभर खुंटीवर राहिलेल्या तांब्यासारखं गार. आणि बिल्ला कोमट होता.

मी तो डाग अंगठ्यानं दाबला. जिजाबाईचा डाग दाबला की भोवती कातडी सुरकुतायची. हा नुसता रंग होता, कुणी दुरून पाहून काढावा तसा. नाडी चाचपली, सापडली नाही. घाबरलेल्या बोटांना नाडी सापडत नसते, असं मी मनाशी म्हटलं. हातानं ओढ घेतली नाही, झटका दिला नाही. मी सोडेपर्यंत तो तसाच थांबून राहिला.

मी सोडला तसा तो मागे गेला आणि लहानूनं सवयीनं अडसर काढला.

दार उघडलं. बोळ मला पलीकडच्या टोकापर्यंत स्वच्छ दिसली. कुणीही नव्हतं. लहानूनं दार पुन्हा लावलं. आणि आमच्या मागे, दालनात, एक पाट पुढे ओढल्याचा आवाज आला.

लहानूनं वहीत सत्तावीस पुरं लिहिलं होतं.

"बाई," तो खालीच पाहत म्हणाला, "हाताच्या मागं कोन आहे हे पाह्यचं काम मले कोनी देल्लंच नाही."

५

शुक्रवारी जिजाबाई आली.

आठ वाजले होते. ती धापा टाकत माझ्या खोलीत शिरली. "नात झाली बाई! दोघी मजेत आहेत. म्हंटलं, काहून रजा वाया घालवायची? पयल्या एस्टीनं आली." तिनं बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला, मंगळसूत्र काढलं आणि हात पुढे केला. "बांधा."

बांधायला काही नव्हतं. लहानूच्या वहीत सात पंचवीसला सत्तावीस आधीच लिहिलेला होता.

दाणी साहेबांना बोलवावं लागलं. ते आले, वही पाहिली आणि जिजाबाईकडे न पाहता मला म्हणाले, "सत्तावीस आत आहे. मग ही कोण?"

"मी जिजा आहो सायेब! जिजाबाई रुपराव भोयर!"

त्यांनी फोटोंचं रजिस्टर मागवलं. भरतीच्या वेळी सीताबर्डीच्या एका स्टुडिओत सगळ्यांचे फोटो काढले होते. सत्तावीस नंबरचा फोटो समोर आला: हनुवटी जरा वर, डावीकडून उजेड, उजवा गाल अंधारात. साहेबांनी तो जिजाबाईच्या शेजारी धरला. प्रवासानं आणि तीन रात्रींच्या जागरणानं तिचे डोळे खोल गेले होते, केस विस्कटले होते.

"लतिकाबाई, तुम्ही झडती घेता. तुम्ही सांगा. ही सत्तावीस नंबर आहे का?"

मला ठाऊक होतं. पण हो म्हटलं तर आत कोण आहे हे सांगावं लागलं असतं. बुधवारी रिकाम्या खुंटीपुढे मी एकेचाळीस का लिहिले, हेही सांगावं लागलं असतं. मी जिजाबाईजवळ गेले आणि रोजच्यासारखे तिच्या कमरेला हात लावले. ती हसली नाही. ताठ उभी होती. कुठलं माणूस अशा वेळी हसेल? पण मी त्याचाच आधार घेतला.

"मला नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. "बिल्ला आत आहे एवढं खरं."

जिजाबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, दोन वर्सं रोज माह्या आंगाले हात लावून राहिल्या तुमी. अन् मले वळखत नाही?"

पहारेकऱ्यांनी तिला फाटकाबाहेर नेलं. मंगळसूत्र टेबलावरच राहिलं होतं. मी मागे धावले आणि ते तिच्या मुठीत कोंबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

६

शनिवारी सकाळी जिजाबाई फाटकासमोरच्या बाभळीखाली बसलेली दिसली. कालचंच लुगडं. ती काही मागत नव्हती, नुसती बसली होती.

दुपारी तिचा नवरा रुपराव मला भेटायला आला. मागच्या फाटकानं आला होता, म्हणून ती त्याला दिसली नसावी. शांत, उंच माणूस, शेतकरी. तो बायकोसाठी रदबदली करायला आला असेल, असं मला वाटलं.

"बाई, एक इचारू का?" त्यानं टोपी हातात धरली होती. "काल दिवस बुडता बुडता एक बाई आमच्या दारी आली. लय रडे, दार ठोके. म्हने, मी जिजा. मी उघडलं नाही."

"का उघडलं नाही?"

"माही जिजा तं घरात होती ना. बुधवारीच आली उमरेडवरून. रोज ड्युटी करून येते, सैपाक करते." तो थांबला. "फक्त बोलत नाही."

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. बुधवारी काय झालं ते नीट सांग म्हटलं.

"साडेपाच-सहा वाजले असतीन. कडी वाजली. दार जरासं उघडलं तं फटीतून हात आला. बिल्ला दिसला, म्हंटलं ड्युटीवरून आली. मी सरकलो." त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "बिल्ला घरी आनू देत नाहीत, हे मले मालूम आहे. म्हंटलं, काढून ठेव. तिनं काढला नाही. निजतानाही हातालेच असते. बाई, चार दिवस झाले, तिनं पानी बी पेलं नाही."

"आणि काल बाहेर रडत होती तिचा आवाज?"

त्यानं हातातली टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली.

"आवाज जिजाचाच होता," तो शेवटी म्हणाला. "मी तेच इचाराले आलो."

मी त्याला घरी जाऊन थांबायला सांगितलं आणि सरळ दालनात गेले. तिथे जायची मला परवानगी नव्हती. लहानूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं.

दालनात पाटांच्या चार रांगा होत्या. एरवी तिथे कुजबुज असायची. त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं, कुणी मान वर करत नव्हतं. सत्तावीसच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपले पाट हातभर दूर सरकवले होते. देखरेखीवरच्या शोभाताई माझ्या कानाशी लागल्या. "काम फार चांगलं करते आजकाल. पूर्वी किती बडबडायची!" पण हे सांगताना त्यासुद्धा त्या रांगेकडे पाठ करून उभ्या होत्या.

मला पांढरा झगा, अंबाडा आणि संथ हलणारे दोन कोपर दिसले. मी रांगेच्या टोकाशी गेले.

"जिजाबाई," मी म्हणाले.

कोपर थांबले. मान वळली.

दालनाला खिडक्या उजव्या हाताला होत्या. दुपारचं ऊन तिच्या उजव्या गालावर सरळ पडत होतं. आणि तो गाल अंधारात होता. हनुवटी जरा वर होती. डावी बाजू उजळ होती, जिथे उजेड यायला जागाच नव्हती तिथून.

मी फोटो पाहिलेला होता. त्यापलीकडे त्या चेहऱ्यात काहीच नव्हतं. तो वळत राहिला, माझ्या दिशेनं थोडा आणखी, आणि फोटोत जे आलं नव्हतं ते आता दिसेल असं वाटताच मी पळाले.

७

मी किल्ल्या लहानूच्या टेबलावर टाकल्या आणि फाटकाबाहेर पडले. बाभळीखाली जाऊन जिजाबाईचा हात धरला. तो गरम होता, धुळीनं खरखरीत होता, नाडी उडत होती.

"उठ," मी म्हणाले. "मी चुकले. तुझ्या घरी जाऊ."

तिनं हात काढून घेतला. मग म्हणाली, "काल रातभर मारोतीच्या देवळात होती मी. मनात येऊन राह्यलं, का मीच तं कोनी दुसरी नाही? तुमी म्हंटलं, त्यानं बी म्हंटलं."

"नाही. तू जिजाबाई आहेस."

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून उठली. आम्ही शेतांतून बेसा गावाला चालत गेलो. वाटभर ती माझ्या पुढेच चालत राहिली.

तिच्या घराला लागून रुखमाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं घर होतं. ती ओट्यावर बसली होती, मोतीबिंदूनं डोळ्यांना दिसेनासं झालेलं. पावलांच्या आवाजाकडे तोंड करून तिनं "कोन वं?" विचारलं. जिजाबाई तशीच पुढे गेली.

रुपराव दारातच होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि त्याला काही विचारावं लागलं नाही. तो मटकन खाली बसला, तिचे दोन्ही पाय धरले. "जिजा, काल मी तुले बाहेर ठेवलं, जिजा."

"उठा आता," ती म्हणाली. "नात झाली तुमाले. गोरी आहे." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

पाच वाजता रुपरावनं दाराला कडी घातली, आतून दारामागे उखळ सरकवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. गाईगुरं परतत होती, कुठेतरी पंपाची भकभक चालली होती. त्या आवाजांमुळे मला वाटायला लागलं की काही होणार नाही.

साडेपाचच्या सुमारास पावलं न वाजता कडी वाजली.

आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या दोन फळ्यांमध्ये चार बोटांची फट होती. तिच्यातून डावा हात आत आला, मनगटापर्यंत. बिल्ल्यावर ऊन पडून सत्तावीस आकडा चकाकला. जिजाबाईनं आपला डावा हात दुसऱ्या हातानं घट्ट आवळून धरला. दोन्ही हात मला एकदम दिसत होते.

रुपराव उठू लागला. भीतीनं नव्हे, मला वाटतं, सवयीनं. जिजाबाईनं त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं.

हात बराच वेळ तिथे होता. त्यानं दार ढकललं नाही, चाचपलं नाही. मग आला तसा मागे गेला. फटीतून पुन्हा ऊन आत आलं. जिजाबाईनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. रुपरावनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात शेजारची कडी वाजली.

म्हातारी ओट्यावरून केव्हा आत गेली होती कोण जाणे. तिच्या काठीचा आवाज दारापर्यंत आला. काही क्षण सगळं शांत होतं. ती त्या हाताला हात लावून पाहत असावी. ओरडून सांगायला आम्हाला तेवढा वेळ होता. रुपरावनं तोंड उघडलं. जिजाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि मी तिला अडवलं नाही.

"अवं जिजा, किती गार पडली तू!" भिंतीपलीकडून रुखमाबाईचा आवाज आला. "ये, अंदर ये."

आणि अडसर काढल्याचा आवाज झाला.